दहा फर्म्यांची पानमोजणी

माझ्या संगणकात 'पानमोजणी' नावाचा एक मॅक्रो अजून आहे. संगणक दोन-तीनदा बदलले, मॅक्रो तोच. मॅक्रो म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी सांगते, की जे काम आपण पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीनं करतो ते संगणकाला एकदा लिहून द्यायचं, मग एक बटण दाबलं की तो ते मुकाट्यानं करतो. नवऱ्याला असं लिहून देता येत नाही, संगणकाला येतं. पानमोजणीचं काम साधं होतं. एका फोल्डरमधली प्रत्येक फाईल उघडायची, तिची पानं मोजायची, ती बंद करायची आणि शेवटी कोऱ्या पानावर एकाखाली एक फाईलचं नाव, पुढं पानं आणि तळाशी बेरीज मांडायची.

हा मॅक्रो मी लग्नाआधी नांदेडला लिहिला. तिथं एका टायपिंग सेंटरमध्ये मी प्रबंध टाईप करायची. जुन्या संगणकावर मोठी फाईल उघडली की तो अडकून बसायचा, म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करायची रीत होती. प्रबंधाच्या मार्गदर्शकानं दुसऱ्या प्रकरणात एखादा परिच्छेद वाढवला की पुढच्या सगळ्या प्रकरणांची पानं सरकायची आणि अनुक्रमणिका पुन्हा करावी लागायची. सेंटरचे मालक खुशाल सांगायचे, एकेक फाईल उघडून बघ आणि लिहून घे. मी मुळातच चिडकी. दहाव्यांदा तेच काम सांगितलं तेव्हा मी ठरवलं, हे आता आपण करणार नाही. मदतीच्या पानांवरून, चुकतमाकत, जेवणाच्या सुट्टीत बसून तो मॅक्रो तयार केला.

पहिल्यांदा तो चुकायचा. फाईलच्या पोटात मागच्या वेळची पानसंख्या साठवलेली असते, तीच तो उचलून आणायचा. नंतर मजकूर वाढला असला तरी त्याला पत्ता नसायचा. घरात किती पाहुणे आलेत ते दारातल्या चपला मोजून सांगावं, तसं ते होतं. एखादा अनवाणी आलेला असतो, एखादा चपला विसरून गेलेला. मग मी एक ओळ वाढवली, आधी पानं नव्यानं मांड, मग मोज. तेव्हापासून त्यानं मला कधी दगा दिला नाही. फॉन्ट तोच पाहिजे आणि प्रिंटर तोच पाहिजे, एवढी पथ्यं मी सांभाळायची.

नांदेडहून मी आणखी एक गोष्ट शिकून आले. एका प्राध्यापकांनी तोंडी सांगून मजकूर लिहून घेतला, तेव्हा त्यांचं एक वाक्य मला अडखळतं वाटलं म्हणून मी सरळ करून टाईप केलं. त्यांनी सगळ्या सेंटरसमोर मला असं झापलं की कान लाल झाले. त्या दिवसापासून माझा नियम ठरला. समोरचा माणूस तोंडानं सांगेल तेच टाईप करायचं. कमी नाही, जास्त नाही. अर्थ कळला तरी आपल्या मनानं भर घालायची नाही.

लग्न होऊन लातूरला आले आणि बसस्टँडमागच्या गल्लीत एका शटरचं दुकान टाकलं. एक संगणक, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं. रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षाची ही गोष्ट. त्या दिवसांत दुकानाच्या मागच्या बाजूला कागदाच्या रिमांपेक्षा घागरी जास्त असायच्या. घरच्या गल्लीत टँकर आत वळत नव्हता, दुकानाच्या गल्लीत वळायचा. त्यामुळं घरचं पाणी मी दुकानात भरायची आणि नवरा ते स्कूटरवर पुढं-मागं कॅन बांधून न्यायचा. टँकरचा हॉर्न वाजला की टायपिंग थांबायचं. गिऱ्हाइकालाही त्याचं काही वाटायचं नाही, उलट तोच एक घागर उचलायचा.

दुसरा विषय होता नव्या जिल्ह्याचा. लातूरचे तुकडे करून उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, अशी बोलणी सतत चालायची. निवेदनं टाईप करायला लोक माझ्याकडं यायचे. जिल्हा पाहिजे म्हणणारेही यायचे आणि नको म्हणणारेही यायचे. एकदा दोन्हीकडचा एकेक जण एकाच वेळी आला आणि दोघं दोन स्टुलांवर एकमेकांची निवेदनं वाचत बसले.

अशात एक दिवस चाकूरकडच्या एका खेड्यातून एक गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अंगात पांढरा शर्ट, डोळ्यावर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. बरोबर त्यांच्या पत्नी. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात गुरुजींचा दंड धरलेला. गुरुजींनी 'जयभीम' केला, स्टूल चाचपून बसले आणि म्हणाले, पुस्तक लिहिलं आहे, अर्धं कागदावर आहे, अर्धं डोक्यात. डोळा बरा होईपर्यंत हातानं लिहायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. तेव्हा जे कागदावर आहे ते टाईप करा आणि जे डोक्यात आहे ते मी सांगतो.

पुस्तक त्यांच्या आयुष्याचं होतं. वडिलांनी दीक्षा घेतली तिथून सुरुवात, मग शाळा, वसतिगृह, नांदेडचं अध्यापक विद्यालय, बहात्तरचा दुष्काळ, नोकरी, आणि एक लांबलचक प्रकरण नव्या जिल्ह्याचं. म्हणजे तेव्हाच्या नव्या, आपल्या लातूरच्या. जिल्हा झाला तेव्हा शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं नाव गुरुजींनी स्वतः रंगवलं होतं. ते वर्णन छान होतं. त्यापुढं मात्र जिल्ह्याच्या नव्या साहेबांच्या सत्काराची पानंच्या पानं होती. कोण आलं, कोणाचं पद काय, कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणी कोणाला हार घातला. टाईप करताना मला दोनदा जांभई आली आणि गुरुजींनी दोन्ही वेळा ती ऐकली.

छपाईची अडचण सुटलेली होती. लातूरचे प्रेसवाले त्या वर्षी हात वर करून बसले होते. ऑफसेटला पाणी लागतं, प्लेट धुवायला पाणी लागतं, ते आणायचं कुठून. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी नांदेडला प्रेस चालवत होता. त्यानं कळवलं, गुरुजी, पुस्तक मी छापून देतो, गुरुदक्षिणा समजा, पण माझ्याकडं कागद दहा फर्म्यांपुरताच आहे. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापून त्याच्या घड्या घालतात, तो एक फर्मा. दहा फर्मे म्हणजे एकशे साठ पानं. एकशे साठ झाली तर पुस्तक चोख. एक पान जरी वाढलं तरी त्या एका पानासाठी अख्खा अकरावा फर्मा लागणार, आणि तो नव्हता.

म्हणून पानमोजणी आली. पहिल्यांदा मी बटण दाबलं आणि फाईली आपोआप उघडून मिटायला लागल्या तेव्हा गुरुजी काळा चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. त्यांना फार आवडलं ते. मग रोज निघताना म्हणायचे, ताई, पानं मोजा. गावाला जाताना देवाला हात जोडणारे लोक असतात, गुरुजी पानं मोजून निघायचे. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते, त्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणायच्या, "मोजली म्हणून वाढत न्हाईत का कमी होत न्हाईत. कशापाई रोज मोजता?"

मावशींना वाचता येत होतं, सावकाश. गुरुजींनीच लग्नानंतर शिकवलं होतं. पण त्या माझ्याकडं कधी काही वाचायला मागायच्या नाहीत. सकाळच्या एस.टी.नं यायच्या, स्टुलावर बसायच्या, गुरुजींच्या डोळ्यात वेळेवर औषध घालायच्या. टँकर आला की माझ्याआधी उठायच्या. मी नको नको म्हणायची, त्या ऐकायच्या नाहीत. गुरुजी त्यांना हाक मारायचे ती 'ऐकलं का' अशी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मावशींचं नाव 'ऐकलं का' होतं, आणि लोकांसमोर थोरल्या मुलाची आई. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. माझे वडीलही आईला नावानं हाक मारत नसत.

बहात्तरच्या प्रकरणात साडेतीन-चार पानं अशी होती की ती टाईप करताना मी थांबले होते. गुरुजी तेव्हा नांदेडला अध्यापक विद्यालयात शिकत होते. नवं लग्न. इकडं गावात काही उरलं नव्हतं. मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावरच्या मजुरांना खायला सुकडी, म्हणजे गोडसर कोरडं पीठ, मिळायची. मावशी आपल्या वाट्याची अर्धी सुकडी खायच्या आणि अर्धी फडक्यात बांधून नांदेडच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायच्या. गुरुजी नांदेडच्या स्टँडवर जाऊन ती पुरचुंडी घ्यायचे आणि वसतिगृहात मित्रांबरोबर खायचे. त्यांना वाटायचं, घरी जास्तीची मिळते आहे. सुट्टीत गावी आले तेव्हा मावशींनी भाकरी वाढायला हात पुढं केला. त्यांचं मनगट बघून गुरुजींना कळलं, सुकडी कुठून येत होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. एवढंच. त्या पानांत एकही मोठा शब्द नव्हता. ती पानं टाईप करताना मला रडू आलं आणि मावशी समोर बसून शेंगा निवडत होत्या.

सगळं टाईप झालं, तपासून झालं. गुरुजींची फार इच्छा होती की प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू व्हावं, मोठ्या पुस्तकांत असतं तसं. पण त्यासाठी मधे कोरी पानं सोडावी लागतात आणि कोरी पानंसुद्धा फर्म्यात मोजली जातात. तो हट्ट त्यांनी सोडला. अक्षर बारीक करायला मी तयार नव्हते, कारण वाचणारे सगळे त्यांच्याच वयाचे. तरी शेवटची मोजणी केली तेव्हा बेरीज आली एकशे चौसष्ट.

चार पानं काढायची होती. गुरुजींनी मला यादी वाचायला लावली. कोणतं प्रकरण किती पानांचं, ते मी सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. बहात्तरच्या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, यातली ती खडीची, सुकडीची पानं काढा. मी विचारलं, ती का? म्हणाले, ते घरगुती आहे, ताई. पुस्तक शिक्षणाचं आणि समाजाचं आहे. लोकांना आमच्या घरातलं काय करायचं आहे.

मला राग आला. जिल्ह्याच्या प्रकरणात सत्काराची चार पानं नुसते हारतुरे आहेत, ती काढली तर कुणाला कळणारसुद्धा नाही, असं मी म्हटलं. थोडं तोडूनच म्हटलं. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, की त्या साहेबांपैकी काही हयात आहेत, त्यांना पुस्तक पाठवायचं आहे, एकाचं नाव राहिलं तर वाईट दिसेल. त्यांचं पुस्तक, त्यांचा शब्द. मी ती पानं कापली. कापलेला मजकूर मी कधी पुसत नाही, 'काढलेलं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. तिथं ठेवला. मोजणी केली, एकशे साठ. गुरुजी खूश झाले आणि समोरच्या डॉक्टरांकडं डोळा दाखवायला गेले. रस्ता ओलांडून दिला की एकटे जाऊ शकत होते. मावशींनी त्यांना पलीकडं सोडलं आणि टँकर यायची वेळ झाली म्हणून माझ्यापाशी परत आल्या.

त्या स्टुलावर बसल्या. मग स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "माय, तुझं मशीन पानं मोजतंय. मी किती पानावर हाय, ते सांगतंय का?"

सांगत होतं. प्रबंधांच्या शेवटी शब्दांची सूची लागायची, त्यासाठी मी दुसरा एक मॅक्रो लिहून ठेवला होता. त्याला एक शब्द दिला की तो सगळ्या फाईली धुंडाळून, तो शब्द कोणकोणत्या पानांवर आहे ते लिहून द्यायचा. मी मावशींना नाव विचारलं. त्यांनी इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं. मी ते टाईप केलं आणि बटण दाबलं. कापलेली पानंही मी त्यात धरली होती, कारण मला वाटलं, निदान तिथं तरी त्या सापडतील. फाईली उघडल्या, मिटल्या. शेवटी आलं शून्य.

मला वाटलं, मॅक्रो बिघडला. म्हणून जिल्ह्याच्या प्रकरणातल्या एका साहेबांचं नाव घालून बघितलं. ओळभर पानं आली. मग मी 'काढलेलं'मधली पानं उघडून डोळ्यांनी वाचली, तेव्हा ध्यानात आलं. गुरुजींनी त्या पानांवर सगळीकडं 'आमचे कुटुंब' लिहिलं होतं. आमचे कुटुंब कामावर जात असे. आमच्या कुटुंबाने पुरचुंडी पाठविली. टाईप करताना मला ते खटकलं नव्हतं, त्या पिढीचे लोक असंच लिहितात. पुस्तकात वर्गमित्रांची नावं होती, कंडक्टरचंसुद्धा नाव होतं.

शून्याचा आकडा मावशींनी वाचला. म्हणाल्या, मशीन बरोबर सांगतंय, त्यांनी नाव कधी घेतलंच नाही तर ते सापडणार कुठून. आणि त्या घागर उचलून मागं गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बटण दाबलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

गुरुजी डॉक्टरांकडून आले तेव्हा शून्य तसंच स्क्रीनवर होतं. त्यांनी विचारलं, हे काय? मावशी मागूनच म्हणाल्या, की मी किती पानांवर आहे ते विचारलं होतं, एकावरबी न्हाई म्हणतंय. गुरुजी म्हणाले, चुकतंय ते, बहात्तरच्या प्रकरणात आहे की. मग बोलता बोलता थांबले. ती पानं त्यांनी तासाभरापूर्वी कापायला लावली होती, हे त्यांना माझ्या सांगण्याआधी आठवलं असावं. तरी मी सांगितलंच. म्हटलं, गुरुजी, ते तुम्ही काढलंत, आणि जिथं होत्या तिथंही नाव नाही. हे बोलायला नको होतं की होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी पानं न मोजता ते एस.टी.ला गेले.

मग बरेच दिवस ते आलेच नाहीत. नांदेडहून प्रेसवाल्याचा फोन यायचा, फाईल कधी पाठवता म्हणून. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. नवरा म्हणाला, तुला कुणी सांगितलं होतं नवरा-बायकोच्या मधे पडायला. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आतून मलाही धाकधूक होती. म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर बेतलेलं पुस्तक माझ्या एका बटणानं अडून बसलं, असं वाटायचं.

एका सकाळी दोघं आले. चष्मा आता साधा होता. गुरुजी स्टुलावर बसले, मावशींनी पिशवी खाली ठेवली. काही झालंच नाही अशा आवाजात गुरुजींनी विचारलं, ती काढलेली पानं तुमच्याकडं आहेत का? मी म्हटलं, आहेत. म्हणाले, जिथं होती तिथं परत घाला. आणि सत्काराचा समारंभ काढा, शाळेची पाटी रंगवल्यापर्यंत ठेवा. मी विचारलं, साहेबांची नावं? त्यांनी एका वाक्यात सगळी बसवली होती, पाठ करून आले होते. ते वाक्य त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. त्या प्रकरणाची चार पानं कमी झाली.

मग मी सुकडीची पानं उघडली. गुरुजी म्हणाले, पहिल्या ओळीत 'आमचे कुटुंब' आहे, तिथं नाव घाला. मला नाव माहीत होतं. मावशींनी सांगितलं होतं आणि मी एकदा टाईपही केलं होतं. पण माझे हात कीबोर्डवर नुसतेच राहिले. म्हटलं, "गुरुजी, तुम्ही सांगाल ते मी टाईप करते. नाव सांगा."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, त्यांनी तुम्हाला सांगितलं आहे ना. मी म्हटलं, तुम्ही सांगितलेलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद मागितला. मी म्हटलं, मजकूर तोंडी चालला आहे, तोंडीच होऊ द्या. खरं सांगायचं तर हा नियम मी इतक्या आडमुठेपणानं त्याआधी कधी पाळला नव्हता आणि त्यानंतरही नाही. गल्लीत कुठंतरी मोटार चालू होती. मावशी दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या, टँकर दिसतो का बघत.

गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत घसा साफ केला. चौथीच्या वर्गात हजेरी घेताना शेकड्यांनी नावं पुकारलेला माणूस, पण ओठ हलेनात. मग त्यांनी ते नाव घेतलं. हळू घेतलं, पण स्पष्ट. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्यांनी घेतलं आहे आणि पुस्तकात छापलेलं आहे. मी टाईप केलं. 'आमचे कुटुंब' जिथं जिथं होतं तिथं प्रत्येक ठिकाणी मी थांबले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी ते सांगितलं. दुसऱ्या वेळेपासून आवाज जरा मोकळा झाला. दारातली पाठ हलली नाही. पदर मात्र डोक्यावरून पुढं ओढलेला दिसला.

पानं मोजली तर एकशे एकसष्ट. एका ओळीचं शेपूट नव्या पानावर गेलं होतं. नाव आणि त्याभोवती गुरुजींनी वाढवलेले दोन-चार शब्द यांनी शेवटची ओळ खाली ढकलली होती. अकराव्या फर्म्याला एक ओळ पुरेशी असते. मी गुरुजींना सांगितलं, कुठूनतरी एक ओळ कमी करा. ते लगेच म्हणाले, त्याच प्रकरणात विद्यालयाच्या प्राचार्यांच्या सगळ्या पदव्या लिहिल्या आहेत, त्या काढा, नुसतं प्राचार्य ठेवा. पदव्या काढल्या. शेपूट वर आलं. एकशे साठ.

मग मी कुणी न सांगता दुसरा मॅक्रो चालवला. या वेळी नाव विचारावं लागलं नाही. यादीत चार पानं आली, ओळीनं एकापुढं एक. मी मावशींना आत बोलावून ते आकडे दाखवले. त्यांनी बोट लावून चारही वाचले. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा हसतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. माझ्याकडं बघून, पण गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "लग्नात बायांनी अडवलं तवा मी यांचं नाव घेतलं व्हतं, भर मांडवात. यांनी मुंडी खाली घातली व्हती. आज घेतलं."

गुरुजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि मला म्हणाले, "ताई, पानं पुन्हा एकदा मोजा."